विहारातील मूर्तीच्या हाताविषयी

मी, श्यामकांत लक्ष्मण रामटेके, वय वर्षे एक्याऐंशी, केंद्र शासनाच्या सेवेतून निवृत्त अनुवादक, राहणार फरीदाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. शाबूत बुद्धीचा माणूस किती चुकू शकतो, ते कलम तीनमध्ये येईल.

१. बँकेतील ठेवी माझी कन्या वृंदा हिला मिळाव्यात. माझी पत्नी कालकथित कुमुद हिच्या साड्या वृंदाने आधीच नेल्या आहेत. विचारून नेल्या असत्या तर बरे झाले असते, पण ते असो.

२. माझे अकरा शब्दकोश वसाहतीच्या वाचनालयास द्यावेत. त्यांतील चुका मी समासात दुरुस्त केल्या आहेत. त्या दुरुस्त्या खोडू नयेत. या वाक्यातला तोरा मला दिसतो. तरीही ते तसेच ठेवतो, कारण चुका खरोखरच होत्या.

३. घराचा वरचा मजला वृंदाचा. तळमजला माझा धाकटा भाऊ दिनकर, राहणार नोएडा, याचा. एकोणीस वर्षे आम्ही बोललेलो नाही, म्हणून कारण नमूद करणे आवश्यक आहे.

१९९४ च्या बुद्धपौर्णिमेस मी आमच्या विहारात ‘मान’, म्हणजे अहंकार, आणि ‘दृष्टी’, म्हणजे आपलेच मत धरून बसणे, यांवर व्याख्यान दिले. ते संपवून वळलो तेव्हा मूर्तीचा तुटलेला उजवा हात घेऊन दिनकर उभा होता. तो म्हणाला, “दादा, हा खाली पडला होता. मी फक्त उचलला.”

मी सर्वांदेखत म्हणालो, “मी डोळ्यांनी पाहतो आहे, तरी खोटं बोलतोस? धांदरट तर लहानपणापासूनच आहेस, निदान भित्रा होऊ नकोस.”

विहाराची झाडलोट करणाऱ्या सुमित्राबाई उठल्या. “साहेब, मला काही सांगायचं आहे.”

व्याख्यानानंतर ज्याला बोलायचे असेल त्याने चिठ्ठी द्यावी, असा नियम मीच घातला होता. “लिहून द्या,” मी म्हणालो. त्यांना लिहिता येत नाही, हे मला ठाऊक होते. लोक हसले. त्या खाली बसल्या. दिनकर माफी न मागता निघून गेला आणि सचिव या नात्याने मी त्याचे नाव सभासदांच्या यादीतून कमी केले.

गेल्या महिन्यात सुमित्राबाई आजारी असल्याचे कळले, म्हणून भेटण्यास गेलो. त्या म्हणाल्या, “भाषणाच्या सुरुवातीला तुम्ही माईक पुढे ओढला ना, त्याची वायर मूर्तीत अडकली होती. हात तेव्हाच निखळून फुलांत पडला.”

“इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“दिनकरभाऊंनीच थांबवलं. म्हणाले, दादा विचारील तेव्हा सांगा.”

मी पाहिले ते खोटे नव्हते. मूर्तीचा हात दिनकरकडेच होता. परंतु त्याआधीचे मी पाहिलेले नव्हते, आणि जे मी पाहिले नाही ते घडलेच नाही, असे मी धरून चाललो. अविद्या म्हणजे काय, हे मी लोकांना तीस वर्षे समजावून सांगत होतो.

४. तिसरे कलम माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रविवारी विहारात वाचावे, असे येथे लिहिले होते. वृंदाने मसुदा वाचला आणि म्हणाली, “हे काय यार, बाबा? मग काकांनी उत्तर कुणाला द्यायचं? तुमच्या फोटोला?”

बापाशी बोलताना ‘यार’ म्हणू नये, हे तिला सांगितले. बाकीचे तिचे बरोबर आहे. जिवंतपणी ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती.

सबब हे कलम मी रद्द करीत आहे. येत्या शनिवारी नोएडास जाऊन तिसरे कलम मी दिनकरला वाचून दाखवीन आणि रविवारी विहारात वाचीन. त्याने मला क्षमा करावी, अशी अट घालण्याचा मला अधिकार नाही. त्याने दार न उघडल्यास तळमजला त्याचाच राहील, आणि मी जिन्यात बसून राहीन.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली आहे. अंमलबजावणी वृंदाने करावी.

श्यामकांत लक्ष्मण रामटेके (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. भालचंद्र गोविंद वासनिक (सही)
२. अलकनंदा विश्वास पाटणकर, शेजारी (सही)

फरीदाबाद, दिनांक १४ नोव्हेंबर २०१३