बांध पावसाळ्यात, मतं उन्हाळ्यात

पाखरवाडी, पो. ईट
११ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप दादांस,
सारजाचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही. विहिरीनं संक्रांतीलाच तळ दाखवला. आता टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो, आणि सगळं गाव दोर-पोहरे घेऊन काठावर तुटून पडतं.

गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यात रोजगार हमीच्या कामातून नालाबांध चालला होता. दिवाळीपासून आमची माणसं तिथं माती टाकत होती. बांध अर्ध्यावर आला आणि मुकादमानं सांगितलं की उद्यापासून सगळ्यांनी ईटच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचं, इथलं काम बंद. कुणी बंद केलं असं मी विचारलं, तर म्हणाला, तुमच्याच दादांनी. मी त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं. मग हे भूमला जाऊन चौकशी करून आले आणि न जेवताच निजले. तेव्हा मला कळलं की मुकादम खरा होता.

तुम्ही तालुक्याच्या हमी कमिटीवर आहात. बहिणीच्या गावाचा बांध तुम्हाला का खुपला? केशरमावशी माझ्याकडंच आहे. आई गेल्यावर जिनं आपल्या दोघांना वाढवलं, ती अजून म्हणते की रुद्रानं केलं आसंल तर त्यात कायतरी बरंच आसंल. ते बरं काय, तेवढं कळवा.

लोभ तुमच्याकडं शिल्लक असेल तर असू द्यावा.
सारजा


भूम
२० फेब्रुवारी १९७९

चि. सौ. सारजेस,
महारुद्रचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लहानपणी चिंचा वाटून घेताना बोट नाचवायचीस, तशीच समोर उभी राहिलीस. तुझ्या नवऱ्यानं कचेरीत माझी चौकशी करण्यापेक्षा सरळ माझ्या घरी यायला हवं होतं. मेव्हण्याला चहा मिळाला असता.

आता ऐक. बांध एका गावाचा. रस्त्यावर आजूबाजूच्या पाच-सहा गावांचे हात लागतात. रस्ता झाला की एसटी येते आणि एसटी डोळ्यांना दिसते. जमिनीत मुरलेलं पाणी कुणाला दिसत नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आपल्या गावाचा सरपंच होतो तेव्हा मी ओढे अडवले, विहिरीचा गाळ काढला. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या विहिरीला पाणी टिकलं, टँकर लागला नाही. टँकर लागला नाही म्हणून लोक काय म्हणाले, आठवतंय? शेजारच्या गावाला टँकर आला, सरकारी सुकडी खायला आली, आपल्या सरपंचानं काय आणलं? पुढच्या निवडणुकीत मला पाडलं. ज्या विहिरीचं पाणी पीत होते तिच्याच कट्ट्यावर बसून पाडलं.

यंदा उन्हाळ्यात पंचायत समितीची निवडणूक आहे आणि मी उभा आहे. बांधात पाणी येणार पावसाळ्यात, मतं पडणार उन्हाळ्यात. शिवाय तुझ्या सासरची माणसं मागल्या खेपेला सोसायटीच्या निवडणुकीत माझ्या विरोधात फिरली, तेही मी विसरलेलो नाही.

मावशीला दंडवत. तिची माया माझ्यावर आहे तशीच राहो. तुझं तू बघ.
महारुद्र


पाखरवाडी
२ एप्रिल १९७९

दादांस,
नमस्कार.

मावशीला काल भूमच्या दवाखान्यातून घरी आणलं. ती आता चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कसं झालं ते तुम्हाला लोकांकडून कळलंच, पण माझ्याकडून एकदा ऐका.

टँकर आला तेव्हा मी चुलीपुढं होते. मावशी मला न सांगता कळशी घेऊन गेली. टँकरचा पाइप विहिरीत सोडला की बाया काठावरून वाकतात, मागच्या पुढच्यांना रेटतात. कुणी मुद्दाम ढकललं नाही. ती आतल्या पायरीवर कंबरेवर आपटली. शेजारच्या दगडाबाईनं आणि मी तिला वर काढलं, तेव्हाही तिच्याभोवतीनं पोहरे खाली-वर चाललेच होते. कुणाचा दोर थांबला नाही. माझाही कदाचित थांबला नसता.

तुम्ही दवाखान्यात आलात, तिच्या उशाशी बसलात, रडलात. ते रडणं खरं होतं हे मला ठाऊक आहे, म्हणून जास्त चीड येते. कारण दुसऱ्याच दिवशी गावात एकाच्या जागी दोन टँकर आले. लोकांनी नारळ फोडला, ड्रायव्हरला हार घातला, तुमच्या नावाचा जयजयकार केला. आता आळीत बोलतात की मावशीच्या पायगुणानं पाणी वाढलं. पायच राहिले नाहीत तिला, दादा.

इतक्या लगबगीनं टँकर देता येत होता, तर बांध बंद करायचा हुकूमही तितक्याच लगबगीनं मागं घेता आला असता. तुम्हाला ते सुचलंच नाही की सुचून नको वाटलं?

मावशी तुम्हाला आशीर्वाद सांगते. माझ्याकडून काही नाही.
सारजा


भूम
९ एप्रिल १९७९

चि. सौ. सारजेस,

मावशीच्या दुखण्याचा सौदा मी केला, असं तू लिहिलंस. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्याचं तोंड मी पुन्हा पाहिलं नसतं.

हुकूम मागं घ्यायचं मला सुचलं होतं. मग हिशेब केला, आणि तो तुझ्यापासून लपवत नाही. बांध पुन्हा सुरू केला तर तुझं गाव म्हणणार, बहिणीनं भांडून करून घेतला. टँकर धाडला तर म्हणतं, महारुद्रनं पाणी पाजलं. निवडून यायचं मला आहे, तुला नाही.

तू समजतेस की दादा वाईट आणि गाव गरीब गाय. तर एक कर. पारावर बैठक बोलाव आणि सरळ विचार, उन्हाळाभर दोन टँकर हवेत, की टँकर एकच ठेवून माणसं बांधावर हवीत? दोन्ही मिळणार नाही. टँकरचं डिझेल आणि बांधाचे मजूर दोन्ही तुझ्या गावाला दिले तर बाकीची गावं मला फाडून खातील. गाव बांध म्हणालं, तर मी दुसऱ्या दिवशी मुकादमाला परत धाडतो. आईची शपथ.

विचारायची हिंमत असेल तर विचार, नाहीतर मला पत्रं लिहू नकोस.
महारुद्र


पाखरवाडी
२३ एप्रिल १९७९

दादांस,

बैठक झाली. तुम्ही जिंकलात. घ्या, पेढे वाटा.

बाई माणसानं पारावर बोलायचं म्हणून आधी अर्धा वेळ त्यावरच वाद. मग मी सगळं सांगितलं, तुमची अटसुद्धा. म्हटलं, हा एक उन्हाळा सोसला तर पुढचे उन्हाळे सुटतील. म्हातारे माना डोलवत होते. मला वाटलं, जमलं.

मग दगडाबाई उठली. मावशीला माझ्याबरोबर वर काढणारी ती. म्हणाली, सारजाबाई, तुझं खरं हाय, पर माझं लेकरू आज तहानलंय. बांध व्हईल, न व्हईल, पाऊस पडंल, न पडंल. टँकर उद्या सकाळी येतूय, ह्ये म्याच न्हाय, समद्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आणि बांधाचं पाणी आधी वरच्या मळेवाल्यांच्या हिरीला लागंल, आमच्या घागरीला कवा? मी हात वर करायला सांगितले, तर बांधाला माझा, यांचा आणि दोन-चार म्हाताऱ्यांचा.

तुम्हाला वाटेल, आता सारजा गप्प बसेल. नाही. लोकांना टँकरची सवय कुणी लावली? दर साल टंचाई यावी आणि दर साल तुम्ही देव म्हणून यावं, ही सोय कुणाची? तुमच्या विरोधात उभे असलेले नानासाहेब परवा येऊन गेले. निवडून आल्यावर बांध पुरा करतो, असा शब्द त्यांनी दिला. मी त्यांच्यासाठी दारोदार फिरणार आहे. तुमची बहीण म्हणून ओळख सांगून फिरणार आहे.

मावशीपुढं हे पत्र वाचलं नाही.
सारजा


भूम
१८ जून १९७९

सारजाबाईंस,

मी पडलो. थोडक्यात पडलो, आणि ते थोडकं तुझ्या गावानं केलं.

बांधासाठी पाडलं असतं तर मी मुकाट्यानं मान खाली घातली असती. म्हटलं असतं, बहात्तर साली आपलं गाव चुकलं, ही माणसं शहाणी निघाली. पण तसं झालं नाही. मी दोन टँकर दिले, नानासाहेबांनी मतदानाच्या तोंडावर स्वतःच्या खर्चानं तिसरा उभा केला. तुझ्या भाषणांवर नव्हे, त्या नळीवर मतं फिरली. तू मात्र माझं नाव सांगत दारोदार हिंडलीस, त्यानं घरच्यांनीच टाकलेला माणूस म्हणून तालुक्यात माझी शोभा झाली.

कमिटीवरून माझं नाव आता जाईल. तुझ्या गावचे टँकर कोण बघतं ते नव्या साहेबांना विचार. पंचमीला तुला न्यायला आमच्या घरून कुणी येणार नाही. मावशीला हवं नको कळवत जा, तेवढंच नातं.

महारुद्र


पाखरवाडी
३० जून १९७९

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पंचमीचं समजलं. तशीही मावशीला टाकून मी येणार नव्हते.

निकालानंतर मी नानासाहेबांकडं गेले होते. त्यांनी चहा दिला, वहिनी म्हणाले. बांधाचं विचारलं तर हसून म्हणाले की बघू, सध्या आमच्या भागातल्या रस्त्याचं निकडीचं आहे, आणि तुमच्या गावची मतं तर पडून गेली. वाईट मनानं नाही म्हणाले. ऊन कडक आहे म्हणावं तसं म्हणाले. चहा तसाच ठेवून मी उठले.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही याचा आठवडाभर विचार केला. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांचा टँकर थेट आमच्या आळीच्या तोंडाशी उभा राहिला. रेटारेटी नाही, काही नाही. मी पिंपभर पाणी घेतलं आणि मावशीला न्हाऊ घातलं. पडल्यापासून ओल्या फडक्यानं पुसत होते. त्या दिवशी डोक्यावरून तांब्यावर तांब्या ओतला. तिनं डोळे मिटून घेतले आणि लहान पोरीसारखी हसत राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्का हातात आला तेव्हा मला बांध मुद्दाम आठवावा लागला. मी नानासाहेबांनाच मत दिलं, आधी ठरवलं होतं तसंच. पण ते बांधासाठी दिलं की त्या पाण्यासाठी, हे छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. दगडाबाईला मी मनात काय काय बोलले होते.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तुम्हाला सगळं कळत होतं, तरी तुम्ही तेच केलंत. फक्त तुमच्याकडं बोट करताना आता माझा हात पूर्वीसारखा ताठ राहत नाही, एवढंच.

एक राहिलं. मावशीला खाटेवर घालून मतदानाला नेलं होतं. मतपत्रिका देणारा साहेब म्हणत होता की आजी, मत गुपित असतं. ती बाहेर येताच साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली की म्या रुद्राला दिलं. त्यानं पाणी धाडू दे न्हायतर न धाडू दे, पोरगं माझं हाय. सगळे हसले. आमच्या आळीतलं तुमचं ते एकच मत.

तिला भेटून जा. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

सारजा