लाल मथळा

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. हिचा खोकला थांबलाय. मागच्या भिंतीची ओल मात्र काही जात नाही. तुझे गुडघे कसे आहेत ते तू लिहिलंच नाहीस.

दाजींबद्दल तू लिहिलंस, "ह्यांच्या हलगर्जीपणानं एका माणसाचे डोळे गेले. ह्यांच्यासाठी रडायचीही मला लाज वाटते." तीन दिवस उत्तर लिहायला बसतोय आणि भिंतीबद्दल लिहून उठतोय. आज सांगतोच.

आमच्या कारखान्यात कापड रंगवायची यंत्रं कशी चालवायची, ती माहिती आम्ही कामगारच संगणकावरच्या सामायिक पानांवर, म्हणजे विकीवर, इंग्रजीत लिहायचो. कुणीही पान लिहावं, कुणीही सुधारावं. त्यामुळे सगळा गबाळ कारभार झाला होता. एकाचे मथळे कॅपिटल अक्षरांत, दुसऱ्याचे निळे, तिसऱ्याचे ओळभर लांब. साहेबांनी मला नियम ठरवायला सांगितलं. मी ठरवले: फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, रंग नाही, उद्गारचिन्ह नाही, मथळा दोन-तीन शब्दांचा. तेव्हा कॉलर ताठ करून फिरत होतो मी.

वाफेच्या टाकीचं पान दाजींचं. तिथं त्यांनी लालभडक, सगळ्या कॅपिटल अक्षरांत मथळा दिला होता: दाबाचा काटा शून्यावर आला तरी आत वाफ असते! आधी खालचा कॉक उघडून वाफ सोडा!

मी म्हटलं, "दाजी, पानावर ओरडताय कशाला?"

"तिथं ओरडायलाच पाहिजे रे. एवढा एक राहू दे."

"एकाला सूट दिली की सगळे मागतील."

ते हसले. "बरं बाबा, तू शिकलेला."

मी तिथं लिहिलं, 'गेज रीडिंग', म्हणजे नुसतं काटा वाचणं. बारीक, काळं, बाकीच्या मथळ्यांसारखंच. वाफेचं वाक्य खाली चौथ्या ओळीत गेलं.

सहा आठवड्यांनी दुसऱ्या खात्यातला फिटर बदलीवर आला. त्यानं पान उघडलं, मथळ्यांवरून नजर फिरवली, काटा शून्यावर बघितला आणि झाकण उघडलं. पुढचं तुला माहीत आहे.

चौकशीत दाजींना विचारलं, "पानावर ठळक इशारा का नव्हता?" मी शेजारीच बसलो होतो. विकीत कुठला बदल कुणी केला याची नोंद राहते. साहेबांनी ती बघितली नाही. दाजींना ती ठाऊक होती.

"राहून गेलं," दाजी म्हणाले.

बाहेर जिन्यात मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "तुझं आत्ताच लग्न ठरलंय. माझी नोकरी उरली दोन वर्षांची. ताईला काही बोलू नकोस."

आणि मी नाही बोललो. तू माझ्यादेखत त्यांना "तुमच्यामुळे झालं" म्हणालीस, तेव्हाही मी खाली मान घालून जेवत होतो. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, मला अवघडायला नको म्हणून. त्यानंतर आठ महिन्यांत ते गेले.

काल मी साहेबांना सगळं लेखी दिलं. "मिटलेलं कशाला उकरतोस?" ते म्हणाले. कागद मात्र ठेवून घेतला, आणि मला घरी बसवलं.

तिथून फिटरकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आधी कुठल्या रंगात होतं?"

"लाल."

"लाल दिसलं असतं मला," तो म्हणाला. त्याच्या बायकोनं दार उघडून धरलं. मी निघालो.

सोबत त्या नोंदीची प्रत आहे. तारीख बघ, माझं नाव बघ. मग दाजींसाठी पोटभर रड. ते तुझ्यापाशी निर्दोष असायला हवे होते आणि मी त्यांना तसं जाऊ दिलं नाही.

तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात येणार नाही.

तुझा अपराधी,
बारक्या