मोहोळच्या लग्नातला सूर

सोलापूर,
१२ मार्च १९७६

प्रिय सिद्धाप्पा,

तुझी रेकॉर्ड पोचली. शिष्यवृत्तीवर पोलंडला गेलास ते कापडाचं शिकायला, पण कापड राहिलं बाजूला. पुढ्यात कागद नाही, ठरलेली चाल नाही, अशी क्लॅरिनेट तू तिथं वाजवतोस आणि लोक तिकीट काढून ऐकतात, हे सोबतच्या चिठ्ठीतून कळलं. गेल्या सात पत्रांत नुसतं थंडीचंच लिहीत होतास की! फोटोत तुझी दाढी पिकायला लागलेली दिसते. माझे तर केसच गेले.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुरुसिद्धप्पाकडे रेकॉर्ड वाजवायची पेटी आहे. अप्पांना आता दिसत नाही, हाताला धरून नेलं. तुझं वाजवणं सुरू झालं तशी गुरुसिद्धप्पानं दोनदा सुई बदलली. मलाही काही कळलं नाही, खोटं कशाला बोलू? मध्येच क्लॅरिनेटची एक किंचाळी आली, आणि अप्पा ताठ बसले. म्हणाले, "हे त्या मोहोळच्या लग्नातलं हाय की! पोरगं अजून तितंच अडकलंय." रेकॉर्डच्या पाकिटावरच्या सगळ्या मजकुरात मलाही तेवढा एकच शब्द वाचता आला होता. तुझ्या वाजवण्याचं नाव, मोहोळ.

ते लग्न तुला सांगायला नको, पण मला सांगायलाच हवं. नवरी निघाली होती, आपला अप्पांचा बँड निरोपाची चाल वाजवत होता, तू माझ्या डाव्या हाताला. अन् ती किंचाळी उठली. नवरीची आई रडायची थांबली. बायका अपशकुन अपशकुन म्हणू लागल्या. आडवंतिडवं वाजवायची खोड तुलाच, म्हणून अप्पांनी काही न विचारता तुझ्या हातातली क्लॅरिनेट ओढून घेतली आणि तुला बँडातून हाकललं. तू एकदाच माझ्याकडं पाहिलंस. मी मान खाली घातली.

रीड माझ्या क्लॅरिनेटची फुटली होती रे, तोंडात धरायची ती पट्टी. जादाची घरी विसरलो होतो. अप्पांना सांगायची छाती झाली नाही, म्हणून तीच फुटकी फुंकत राहिलो.

तुला ठाऊक होतं. माझी किंचाळी तू जशीच्या तशी वाजवलीस, आणि दहा वर्षांत चकार शब्द काढला नाहीस. तू गेल्यावर अप्पांनी माझ्या डाव्या हाताला कुणालाच उभं केलं नाही. वरातीत शंभर माणसं नाचत असतात आणि मला फार एकटं वाटतं.

काल अप्पांना खरं सांगितलं. हाकलतील वाटलं होतं. बरं वाटलं असतं. म्हणाले, "त्याला हाकललं तवा अंगात जोर व्हता. आता तुला हाकलून मी कुणासंगं राहू?" मग तुझी ती क्लॅरिनेट मागून घेतली आणि चाचपडत पुसत बसले. ती पार्सलानं पाठवतोय. मला उत्तर लिहू नकोस हवं तर, अप्पांना लिही. त्यांना ते मलाच वाचून दाखवावं लागेल. माझ्याविषयी जे लिहायचं ते लिही, मी एक शब्दही गाळणार नाही.

तुझाच,
रेवणप्पा