पाचवा लागेपर्यंत

सोलापूर,
६ सप्टेंबर २०२५

ती. अंबुआत्यास,
शिवानीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितेय.

तू गुपचूप चोरओटी भरून गेलीस आणि पाचवा महिना लागेपर्यंत घराबाहेर चकार शब्द काढायचा नाही म्हणून शपथ घातलीस. मी पाळली. पण माझं पीएच.डी.चं काम साठवणीच्या ज्वारीला लागणाऱ्या किडीवर. प्रयोगशाळेत दर आठवड्याला औषधाची धुरी द्यावी लागते, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. आमच्या गाइड चंद्रिका मॅडमना मी पाठदुखी सांगितली. सहा आठवडे तीच पाठ दुखतेय! एकदा तर विसरून गुडघा धरून बसले.

काल नोटीस आली. वीस तारखेपर्यंत गैरहजेरीचा लेखी खुलासा द्या, नाहीतर नोंदणी रद्द. आणि पाचवा लागतो चोवीसला. चार वर्षं घातली गं यात, काल खूप रडले. नाव कापलं जाण्यापेक्षा आपणच सोडल्याचा अर्ज द्यावा असं वाटतंय. तुझा जावई बसू तर म्हणतो, आत्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

लोभ तर आहेच तुझा. शेंगाची चटणी संपलीय, तीही लोभातच धर.

तुझी,
शिवानी

वैराग,
९ सप्टेंबर

चि. सौ. शिवानीस,
अंबुआत्याचे अनेक आशीर्वाद.

अगं येडे, पाठदुखी? निदान कांजिण्या तरी सांगायच्यास, लोक चार हात लांब राहिले असते.

अर्जबिर्ज काही द्यायचा न्हाय. आपल्या घरातली पहिली डाक्टर होणार म्हणून मी अर्ध्या वैरागला सांगून बसलेय. शेजारच्या गुरप्पाच्या बायकोनं तर तिचा दुखरा गुडघा तुझ्यासाठी राखून ठेवलाय. तू ज्वारीची डाक्टर हैस, हे तिला अजून सांगितलं न्हाय.

पण शपथ ती शपथ. लोकांची नजर लई वाईट. वीस तारखेपर्यंत तू गप बस, मी बघते काय करायचं ते. आणि धुरी कशाला लागते गं तुमाला? मी कणगीत कडुलिंबाचा पाला घालते, वर्षभर किडा दिसत न्हाय. एवढं शिकलेल्या माणसांना एवढं कळू नये?

चटणी पाठवते. जावईबापूंना आशीर्वाद, त्यांचं डोकं जागेवर हाय.

तुझी,
अंबुआत्या

सोलापूर,
१५ सप्टेंबर

श्रीमती अंबुबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली ज्वारीची पिशवी, दोन्ही पोचलं. तुम्ही बजावल्याप्रमाणे पत्र दार लावून वाचलं.

खरं सांगू? मला संशय होता. चहा आला की शिवानी खिडकीकडे पळायची. मला तीन मुली आहेत, कुठली पाठदुखी कशाची ते कळतं. पण संशोधन करणाऱ्या मुलींनाही बाळंतपणाची रजा असली, प्रबंधाची मुदत वाढत असली, तरी मला न सांगितलेल्या गोष्टीची रजा मी देणार कशी? नोटीस बघून तरी बोलेल, असं वाटलं. चुकलंच माझं. सरळ विचारायला हवं होतं. पण मीही इथलीच, असं विचारू नये हेच मलाही शिकवलेलं.

आज तिला बोलावून खुलाशासकट रजेचा अर्ज लिहून घेतला. तो बंद पाकिटातून जाईल. तुमच्या ज्वारीत आम्ही दोन दिवस किडा शोधतोय, सापडत नाही. तेव्हा रजेपर्यंत तिनं धुरीचं सोडून पाल्याचं काम बघावं, असं ठरवलंय. खोली वेगळी आहे, हवेशीर आहे.

माझ्याबद्दलचे शब्द जरा तिखट होते, पण ते मी कमावलेच होते. लोभ राहू द्या, पुढच्या पत्रात तिखट थोडं कमी घाला.

आपली,
चंद्रिका

वैराग,
२२ सप्टेंबर

चि. सौ. शिवानीस,
अंबुआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. नोंदणी राहिली, रजा मिळाली, देवापुढं साखर ठेवली. आणि वर मलाच विचारतेस, मला शपथ घालून स्वतः कशी मोडलीस? मोडली की. व्हय, मोडली.

तुझ्या आईला ठाऊक हाय, तुला न्हाय. मलाबी दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळेला पाचवा लागेपर्यंत तोंड शिवून बसले. शेजारणीला न्हाय, सख्ख्या भावाला न्हाय. रानात ज्वारीची पोती उचलली. कुणी अडवलं न्हाय, कारण कुणाला ठाऊकच न्हवतं. दोन्ही गेली. इतकी वर्षं नजरेला दोष दिला. तुला उत्तर टाकल्यावर तुझं पहिलं पत्र परत हातात घेऊन बसले आणि पहिल्यांदा मनात आलं, नजर लावायला हुतं कोण?

तेव्हाच तुझ्या मॅडमना लिहायला घेतलं. अजून दोन दिवस हाईत पाचव्याला, पण मी आज गुरप्पाच्या बायकोला सांगून टाकलं. ती गुडघा विसरून दुपटं शिवायला बसलीय. तूबी सांग सगळ्यांना. आणि जड काही उचलू नको.

माझा लोभ आता तुमा दोघांवर.

तुझी,
अंबुआत्या