दरवान कारण सांगत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.१५
आजपासून रोजनिशी. रोज लिहायचीच. कंटाळा करायचा नाही.
मॅडमनी सकाळी सकाळी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, दरवानला नऊ वर्षं झाली म्हणून कौतुक असेल. कसलं काय! म्हणाल्या, आपल्या डेस्कवर रोज चाळीस फोन येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: माझा प्रोग्राम का नाकारला? मेसेज सुधारा. ३१ तारखेपर्यंत फोन दहाच्या आत आले नाहीत, तर दरवान ऐच्छिक करणार. ज्याला हवा त्याने वापरावा.
ऐच्छिक! नऊ वर्षं खपून लिहिलाय मी तो. पाण्याच्या पंपांच्या मशीनमध्ये कुणाचाही प्रोग्राम शिरायच्या आधी दरवान तो ओळीन् ओळ तपासतो. भलतीकडे हात घालणारा, नाहीतर कधीच न संपणारा प्रोग्राम दिसला की दारातूनच परत. तो नसता तर निम्म्या शहराचे नळ कोरडे पडले असते. आणि हे निघाले त्याला ऐच्छिक करायला.
मेसेजमध्ये काय वाईट आहे तेच कळत नाही. 'आर-४ अवैध. नाकारले.' तीन शब्द, पुढे ओळीचा आकडा. ज्याला कळायचं त्याला कळतं.

३ मार्च, संध्याकाळ
एकूण मेसेज २१२. रोज वीस केले तरी अकरा दिवसांत खलास. उरलेले दिवस पॉलिशला. ३१ तारीख म्हणजे आपल्याला पोरखेळ.

४ मार्च, मंगळवार
झालेले मेसेज: शून्य. पण तक्ता फार सुरेख झाला. सात कॉलम, चार रंग. पाया पक्का असला की वरचं आपोआप उभं राहतं.
फोन: ४३. त्यातले सहा एकाच बाईचे. पंप विभागातली इंजिनिअर आहे. तिला म्हटलं, मेसेज नीट वाचा. म्हणाली, पाठ झालाय.

६ मार्च, गुरुवार
मेसेजचा सूर सापडला. लोकांना आपुलकी हवी असते. आता प्रत्येक मेसेज चौदा ओळींचा: आधी नमस्कार, मग थोडी पार्श्वभूमी, मग दरवानची भूमिका, शेवटी नकार. वाचताना माझेच डोळे भरून आले.
घरी कटकट. लेकीला शाळेत सायकलने जायचंय. नाही म्हटलं. का, म्हणाली. नाही म्हणजे नाही. हिने मध्ये तोंड घातलंच, की पोरीला कारण तरी सांग, आणि मग काय केलं तर चालेल तेही सांग. घरातसुद्धा माणसाला शांतता नाही. कारणं देत बसलं की पोरं शेफारतात.

१० मार्च, सोमवार. दुपारी १
नवे मेसेज सकाळी आठला सोडले. आतापर्यंत फोन: ७१.

१० मार्च, दुपारी ४
काय झालं ते कळलं. पंपाच्या खोल्यांमधल्या स्क्रीनवर दोनच ओळी मावतात. हे मला कुणी कधी सांगितलं? नऊ वर्षांत मी एकदाही पंपाच्या खोलीत गेलेलो नाही, जायचं कारणच काय? आता सगळ्यांना एवढंच दिसतंय: 'नमस्कार. आपल्या मेहनतीबद्दल दरवानला आदर आहे.' लोकांना वाटलं, प्रोग्राम पास झाला. एक जण आनंदाच्या भरात घरी निघून गेला. त्याचा पंप दुपारपर्यंत बंद.
मॅडमनी बंद पंपाचा अहवाल माझ्या टेबलावर आणून ठेवला. आणि निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च, मंगळवार
आपुलकी बंद. लोकांची लायकीच नाही.
नवा निश्चय: नंबर. प्रत्येक चुकीला एक क्रमांक, सविस्तर माहिती पुस्तिकेत. दोन ओळी काय, अर्ध्या ओळीत बसेल. 'आर-४ अवैध' आता 'त्रुटी १७-ब'. हे आधीच सुचायला हवं होतं.

१३ मार्च, गुरुवार
पुस्तिका तयार. १४० पानं. झोकात झाली आहे. सगळे नंबर आजपासून चालू.
संध्याकाळपर्यंत तीन जणांनी डाउनलोड केली. एकदा मी ऑफिसच्या मशीनवरून, एकदा घरच्या, एकदा फोनवरून. म्हणजे लिंक तरी चालते.
फोन: ६६. मला या लोकांचा वैताग आलाय. वाचायचं म्हटलं की यांच्या जिवावर येतं.

१४ मार्च, शुक्रवार
ती पंपवाली स्वतःच येऊन धडकली. सहा फुटांची असेल, हातात चिखलाचे बूट, माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. एकच प्रोग्राम एकोणीस वेळा नाकारलाय म्हणे. मी शांतपणे सांगितलं, की मग तो एकोणीस वेळा चुकीचा असणार. तर म्हणाली, चूक आहे हे कबूल, पण तुमचा दरवान चूक कुठे आहे ते सांगत नाही, ती त्याला कुठे सापडली ते सांगतो. पाय घसरला जिन्यात, आणि हा म्हणतो तळमजल्यावर पडलात.
बोलायची पद्धत बघा! तरी मी मोठ्या मनाने दीड तास दिला. दरवान कुठून कुठे जातो, प्रोग्राम जिथे दोन वाटांना फुटतो त्या प्रत्येक फाट्यावर काय लक्षात ठेवतो, सगळं सांगितलं. ती एका छोट्या वहीत लिहीत होती. मध्येच विचारायची, की हे साध्या भाषेत काय झालं? मी परत सांगायचो. घसा बसला.
जाताना म्हणाली, इतकं सगळं त्याला माहीत असतं, मग तो बोलत का नाही? मी हसलो. बिचारीला या गोष्टींची खोली कळणार नाही. पण माझा दरारा तिला जाणवला असावा.

१७ मार्च, सोमवार
फोन: ३८.

१९ मार्च, बुधवार
फोन: १७. हं.

२१ मार्च, शुक्रवार
फोन: ६!
म्हटलं नव्हतं? नंबरांची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, एवढंच. लोक पुस्तिका वाचताहेत. डाउनलोडचा आकडा अजून तीनच दिसतो, पण एक जण घेऊन दहा जणांना देत असणार. मी १३ तारखेनंतर काहीही बदललेलं नाही, पान ६२ वरचा एक स्वल्पविराम सोडून.
घरीही तेच यश. लेकीने सायकलचा विषयच काढलेला नाही, दोन आठवडे झाले. शहाणी झाली. माझ्या एका 'नाही'मध्ये वजन आहे, हिच्या शंभर कारणांमध्ये नाही. हल्ली शाळेतून वीस मिनिटं लवकरही येते. बसवाल्याने रस्ता बदलला असावा. भूकही चांगली लागते तिला.

२५ मार्च, मंगळवार
फोन: २. दोन्ही राँग नंबर.
३१ च्या मीटिंगसाठी भाषण लिहायला घेतलं. विषय: कमी बोलण्याची ताकद. सध्या बावीस पानं.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी १०
मीटिंगमध्ये नुसतं भाषण नको, प्रात्यक्षिकही हवं. एक छोटा प्रोग्राम लिहायचा, सगळ्यांदेखत दरवानसमोर ठेवायचा, झटक्यात पास. तीस ओळींचा. डाव्या हाताचा मळ.

२७ मार्च, दुपारी १२
'त्रुटी १७-ब.'

२७ मार्च, दुपारी ३
'त्रुटी १७-ब. ओळ २६.' सतरा-ब म्हणजे नक्की काय, ते चटकन आठवेना. पुस्तिका काढली. पान ८८: '१७-ब: १७-अ पाहावे, अपवाद वगळता.' १७-अ पान ३१ वर आहे. तिथे लिहिलंय, १७-ब पाहावे. हे कोणत्या गाढवाने लिहिलं, असं तोंडातून निघून गेलं. शेजारचे सगळे वळून बघायला लागले.
वैतागून डेस्कला फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. मग लक्षात आलं, मी डेस्कवरच्याच फोनवरून डेस्कलाच फोन लावतोय.

२८ मार्च, शुक्रवार
अकरा वेळा नाकारला. माझ्या हाताने लिहिलेल्या दरवानने मला अकरा वेळा हाकललं. रडू यायचं बाकी होतं.
कॉफी आणायच्या निमित्ताने पंप विभागाकडे गेलो. कुणाला कळू नये म्हणून कप हातात. एका फिटरला सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते सतरा-ब काय असतं हो? तो मान वर न करता म्हणाला, ताईंच्या कपाटावर बघा, सगळे तिथेच बघतात. नाहीतर ताईंना फोन करा. डेस्कला करू नका, तिथे एक खडूस माणूस बसतो.
कपाटावर वहीची पानं चिकटवलेली. त्याच पंपवालीचं अक्षर. माझ्या दीड तासाचं सगळं त्यात होतं, दोन-दोन ओळींत. १७-ब समोर लिहिलं होतं: 'ज्या खणातून काढताय, त्यात अजून काही ठेवलेलंच नाही. दाखवलेली ओळ बघू नका. वर जा, कुठल्या तरी एका फाट्यावर तो भरायचा राहिलाय.'
जागेवर आलो. वर गेलो. नवव्या ओळीचा फाटा. भरायचा राहिला होता. एका मिनिटात पास.
तिचं अक्षर तसं गिचमिडच आहे. आणि प्रोग्राम आकडा ठेवतो त्या जागेला 'खण' म्हणणं काही शास्त्रीय नव्हे.
ती तिच्या जागेवर होती. एक फोन खांद्याने कानाशी धरलेला, दुसरा वाजत होता. मला बघून नुसती मान हलवली. मी कप दाखवला.

३१ मार्च, सोमवार. दुपारी २
मीटिंग. भाषणाचं पहिलं पान वाचून झालं तेवढ्यात मॅडमनी विचारलं, की डेस्कचे फोन दोनवर आले हे छान, पण पंपवालीच्या टेबलावर रोज किती येतात माहीत आहे का? मग त्यांनीच सांगितलं. त्रेपन्न. दोन आठवडे तिचं स्वतःचं काम थांबलंय. मॅडमना कसं कळलं? त्याही कॉफी प्यायला तिकडेच जातात म्हणे.
निर्णय: दरवान ऐच्छिक होणार नाही. सगळ्यांना सक्तीचाच राहणार. त्या वहीतलं जसंच्या तसं दरवानच्या तोंडी घालायचं. उरलेले मेसेज तीच लिहिणार. मी तिच्या शेजारी बसायचं, ती विचारेल तेवढं सांगायचं, आणि स्वतः एक शब्द लिहायचा नाही. शेवटचं वाक्य मॅडमनी दोनदा म्हटलं.
दरवान वाचला. हे मलाच हवं होतं. मग इतकं वाईट का वाटतंय, कळत नाही. लोकांनी विचारायचं थांबवलं, आणि मी त्याला यश समजून बावीस पानं लिहिली.

३१ मार्च, संध्याकाळ
येताना वाटेत मनाशी सगळं जुळवलं. घरी आल्या आल्या लेकीला समोर बसवलं आणि सांगितलं: सायकलला नाही म्हणालो, कारण मोठ्या चौकातल्या वळणावर मागून येणारी गाडी दिसत नाही. मागच्या गल्लीने जाणार असशील, तर चालेल. दोन ओळी. काय अडलं, कुठे अडलं, काय करायचं, सगळं आलं. आयुष्यातला पहिला धड मेसेज.
लेकीने आईकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. अडीच आठवडे ती सायकलनेच जातेय. मागच्या गल्लीनेच. आधी हिने तिच्याबरोबर दोनदा जाऊन रस्ता बघितला होता.
मला का नाही विचारलं, म्हटलं. लेक म्हणाली, विचारलं होतं.
मग जिन्याखाली जाऊन सायकल बघितली. चिखल लागलेली, पण ठाकठीक. घंटी तेवढी जुनी आहे, नीट वाजत नाही. वर येऊन विचारलं, नवी घंटी आणून बसवू का?
नको म्हणाली.
का, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.