बिजली आणि शेजारची मांजर

मंगळवार, संध्याकाळ

आज बिजलीने शबानाभाभींची मांजर मारली. मांजर नेहमीसारखी बाल्कनीतून आमच्या घरात आली होती. मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. बिजलीने ती माझ्या पायाशी आणून ठेवली आणि शेपटी हलवत बघत राहिली. शाबासकीची वाट बघत होती का? शर्यतीतली कुत्री, सशामागे धावून त्याला पकडायला शिकवलेली, पाय अधू झाल्यावर मालकाने टाकलेली. आम्ही हौसेने पंजाबातून रहाटणीत आणली. तिला दुसरं काही शिकवलंय कोणी?

टॉवेलमध्ये गुंडाळून मांजर मीच शेजारी घेऊन गेले. भाभी ओरडल्या नाहीत. "तिला पोटभर खायला घालता ना तुम्ही? मग का मारलं?" एवढंच म्हणाल्या. 

संजय चाकणहून शिफ्ट करून आला, ऐकलं आणि म्हणाला, "परत पाठवू." जिथून आणली त्या संस्थेच्या बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, मांजर मारणारी कुत्री आता कोणी घेणार नाही."

आणि ती शेपटी. किती खूश होती.

आत्ता तिने येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले. तरी ती तशीच उभी आहे.