अर्जातला हातमोजा

सिल्वासा, मंगळवार, दिवेलागणीला

मूर्ख आहे मी. एम.ए.च्या अर्जात घरच्या अडचणींबद्दल लिहायचं होतं आणि मी पप्पांची बोटं लिहिली. मसाटच्या कंपनीत प्रेस मशीनखाली दोन बोटं गेली. कंपनीने 'घरी अपघात झाला' असं लिहून घेतलं, म्हणून तर नोकरी राहिली. तेव्हापासून पप्पा डाव्या हातात हातमोजा घालतात, रिकाम्या बोटांत कापूस भरून. बाहेरचं कोणी तपासणीला आलं तर हात पुरा दिसावा म्हणून.

आणि हे सगळं इंग्रजी तपासायला दिलं कुणाला? शेजारच्या देसाईकाकांना! ते त्याच कंपनीत सुपरवायझर. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण शाळेपासून माझा प्रत्येक अर्ज तेच बघतात, त्या सवयीने दिला.

आज कागद परत आले. एकही चूक काढलेली नाही. "छान लिहितेस बेटा. मी एक झेरॉक्स ठेवलीय," एवढंच बोलले.

मग पप्पा शिफ्टवरून आले, खुशीत. "उद्या मोठ्या साहेबांनी बोलावलंय मला. देसाईभाई माझ्याबद्दल चांगलं बोलले असतील." झेरॉक्सचं मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. का?

हातमोजा धुऊन त्यांनी दोरीवर टाकलाय.

"सकाळी कापूस तू भरून दे पोरी," म्हणाले. "तुझी बोटं बारीक. साहेबांसमोर हात चांगला दिसला पाहिजे."

मी हो म्हटलं.